मिठागरातला गुलाबी गाळ

१

त्या सकाळी ठमाबाईच्या मिठागरात मीठ नव्हतं, घाण होती. आणि तीही साधीसुधी नव्हे, माणसाची. एका कोंडीत, मीठ पिकवायच्या चौकोनी खाचरात, काळा गाळ चांगला जाड बसला होता, शेजारच्या दोन कोंड्यांवर तवंग पसरला होता, आणि वास असा की बांधावरून चालणारा माणूस नाक दाबून मागल्या पावली परत फिरावा.

मनस्वी घरत मात्र परत फिरू शकत नव्हती. पेण आणि रोह्याच्या घरांतल्या संडासाच्या टाक्या उपसल्यावर तो मैला जिथे स्वच्छ करून त्याचं खत करतात, त्या प्लँटची ती व्यवस्थापक. मैला कुठेही सांडला तरी बोट तिच्याकडेच यायचं, आणि आज तर बोट दाखवायला अख्खी आळी बांधावर उभी होती.

"बघ गो बाय, बघ नीट," ठमाबाई म्हणाली. साठीची बाई, कासोटा मारलेला, पिंढऱ्यांपर्यंत चिखल. "अवकाळीनं पयलं मीठ नेलं. आता ह्या तुज्या टँकरनं दुसरं नेलं. मी वरीसभर खाऊ काय?"

"कधी झालं हे, ठमाबाई?"

ठमाबाईने क्षणभर खाडीकडे पाहिलं. "धुळवड झाली ना, तेच्या दुसऱ्या दिवशी. शिमग्याच्या सुटीनंतर मी आले, भरतीला उघाडी उघडली, पानी घेतला. मंग पानी बसला तसा गाळ दिसाया लागला."

उघाडी म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार. उधाणाच्या भरतीला ते उघडलं की खाडीचं पाणी मिठागरात येतं. म्हणजे कोणीतरी वरच्या अंगाला खाडीत टँकर रिकामा केला आणि भरतीने तो ठमाबाईच्या ताटात आणून वाढला.

कोणी, ते गावाने आधीच ठरवलं होतं. "रोह्याच्या शरीफचा टँकर त्या दिवशी वर जुन्या धक्क्यावर उभा होता," गर्दीतून आवाज आला. "धनेशभाऊंनी डोळ्यांनी पाहिला."

प्लँट चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचा फोन बांधावर असतानाच आला. "शुक्रवारी सभा बोलावलीये. शरीफचा परवाना रद्द करून टाकू, प्रकरण मिटेल. तुम्हाला वेगळं काही आढळलं तर तेव्हा सांगा, नंतर नको."

मनस्वीने फोन ठेवला आणि खाली वाकली. काळ्या गाळात काहीतरी चमकलं होतं. तिने नखाने उचलून तळहातावर घेतलं. वाळलेल्या रंगाची पापडी होती ती, गुलाबी. माणसाच्या घाणीत गुलाबी रंग काय करत होता?

२

धनेशकडे वडखळ नाक्यावरच्या सगळ्या हॉटेलांच्या टाक्या उपसायचं काम होतं. त्याचे दोन टँकर, शरीफचे दोन, आणि दोघांचं हाडवैर. मनस्वीला खुर्ची देऊन तो स्वतः टेबलाच्या कडेवर बसला.

"मॅडम, मी सांगतो ना. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, धक्क्यावर त्याचा टँकर. स्वतः शरीफ खाली उतरलेला. आता तिथे काय आंबे उतरवायला गेला होता काय?"

"ओतताना पाहिलंत?"

"ओतताना नाही पाहिलं. पण ह्याचे दर बघा की! गेटवर आठशे रुपये भरून एवढ्या स्वस्तात परवडतं कोणाला?"

"तुम्हाला कसं परवडतं, धनेशभाऊ? तुमचे दर तर त्याच्याहून कमी आहेत."

धनेश हसला आणि चहा सांगायला पोराला हाक मारली. ते आठशे रुपये मनस्वीच्या डोक्यातून जाईनात.

कारण ते आठशे तिचेच होते. प्लँट सरकारी अनुदानातून उभा राहिला, पहिली दोन वर्षं त्याच पैशावर चालला, मग अनुदान आटलं. विजेचं बिल, पंपाची दुरुस्ती, माणसांचे पगार, हे तर थांबत नाहीत. एक टँकर आला काय आणि दहा आले काय, खर्च तेवढाच. तेव्हा मनस्वीने तोडगा काढला. जो टँकर गेटवर मैला ओतेल त्याने दर खेपेला आठशे भरायचे. प्लँट स्वतःच्या पायावर उभा! अलिबागला तिचा सत्कार झाला, शाल मिळाली. पहिला महिना गेटवर रांग लागली. मग खेपा कमी होत गेल्या, आणि मनस्वीने स्वतःला समजावलं की थंडीत लोक टाक्या उपसत नसतील. थंडीचा आणि संडासाचा काय संबंध, हे तिने स्वतःला विचारलंच नाही. आज विचारावंसं वाटत होतं, आणि फार लाज वाटत होती.

रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात, शरीफ आपल्या दारात बसून टायरचं पंक्चर काढत होता. बारा वर्षं मस्कतला ट्रक चालवून त्याने हे दोन टँकर घेतले होते. रोजे चालू होते. ओठ सुकलेले, आवाज खोल गेलेला.

"व्हय, धक्क्यावर होतो मी," तो म्हणाला. "हाच टायर बसला होता. टँकर रिकामा होता, ताई. आधीची खेप गेटवर टाकून आलो होतो, तुमच्या प्रवीणला विचारा."

"शिवा कुठे होता?" शिवा म्हणजे शरीफचा ड्रायव्हर, आणि ठमाबाईचा एकुलता एक मुलगा.

"सुटीवर. होळीच्या दिवशी दुपारी एक खेप मारली त्याने, मग गावाला गेला शिमग्याला. पुढचे दिवस त्याचा टँकर मीच चालवत होतो. म्हणून तर माझ्या गळ्यात पडलंय हे." त्याने हात पुसले. "ताई, अल्ला कसम, रोजा ठेवून मी कोणाच्या मिठात घाण टाकीन? आणि एक सांगा, ही उघाडी उघाडी करतायत सगळे, ती असते तरी काय? ती नदीतच असते का?"

मनस्वी त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस खोटं बोलत असेल तर फार मोठा नट होता.

"होळीची ती खेप कुठली होती?" तिने विचारलं.

"जोह्याची. गणपतीचा कारखाना आहे ना, दिपिकाताईंचा, तिथली."

गणपतीचा कारखाना! मनस्वीने पर्समधली कागदाची पुडी चाचपली. गुलाबी पापडी त्यातच होती.

३

जोह्याला घराघरात गणपती. पांढरे, बिनडोळ्यांचे, ओळीने फळ्यांवर मांडलेले. दिपिकाच्या कारखान्यात एक कारागीर मूर्तीच्या अंगाला रंग देत होता, आणि तो रंग पाहताच मनस्वीने पुडी उघडली. तोच गुलाबी.

"अगं बाई, हा तर आमचा अंगरंग!" दिपिका म्हणाली. "तुमच्याकडे कुठून आला?"

"तुमच्या टाकीतून. ब्रश कुठे धुतात तुमचे कारागीर?"

दिपिकाने जीभ चावली. "संडासाजवळच्या मोरीत. ते पाणी टाकीतच जातं. किती वेळा ओरडले मी त्यांना!"

"टाकी कधी उपसली?"

"होळीच्या दिवशी, दुपारी. होळीनंतर बाहेरचे कारागीर येतात, त्याआधी म्हटलं रिकामी करून घ्यावी. त्यानंतर कोणी हात लावला नाही."

मनस्वीचा हिशोब तिथेच फिसकटला. होळीला उपसलेला मैला. ठमाबाईने पाणी घेतलं ते त्यानंतर दोन दिवसांनी. होळीला खाडीत ओतलेली घाण उधाणाच्या पाण्यात दोन दिवस एका जागी थोडीच थांबते? भरती-ओहोटीने ती केव्हाच खाली समुद्राकडे, धरमतरपर्यंत गेली असती. आणि टँकर ओतला नसेल, भरलेलाच ठेवला असेल, तर शरीफ दुसऱ्या दिवसापासून तोच टँकर रिकामा कसा चालवत होता?

"ड्रायव्हर कोण होता?"

"तोंडाला फडकं बांधलेलं, सगळेच बांधतात. शिवाच असेल. मी पुरणपोळी खाऊन जा म्हटलं, तर थांबेना. सारखं आभाळाकडे बघत होता. म्हणाला, व्हटी लागली, मना निघाया पायजे." दिपिका हसली. "मला वाटलं, मासे धरायला जायचं असेल."

मनस्वी हसली नाही. टाकी उपसणाऱ्याला ओहोटीची घाई कशाला?

बाहेर येऊन तिने प्लँटवर प्रवीणला फोन लावला. प्रवीण गेटवर बसतो, पैसे घेतो, सुकवायच्या वाफ्यांवर मैला सोडतो.

"होळीला? छे हो, मॅडम. एकही टँकर नाही. मी दिवसभर माश्या मारत बसलो होतो. घरी बायको पोळ्यांसाठी खोळंबलेली, म्हणून तर चांगलं लक्षात आहे. दुसऱ्या दिवसापासून शरीफभाई नेमाने आले, पैसे भरून गेले."

४

ठमाबाई बांधावरच्या झोपडीत चुलीला फुंकर घालत होती. मनस्वी तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

"ठमाबाई, मला एक सांगा. पाणी नक्की कधी घेतलंत?"

"सांगितला ना तुना."

"सांगितलंत. पण गाळ होळीच्या दिवसाचा आहे. दोन दिवसांनंतरच्या पाण्यात तो येऊच शकत नाही."

ठमाबाईने फुंकणी खाली ठेवली. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"कोनाला सांगू नको गो. मी होळीलाच उघडली. रातच्या भरतीला."

"त्यात लपवायचं काय?"

"तुना नाय समजाचा. होळीला मिठागर बंद. आमच्या बापजाद्यांपासून. सगली घरी जातान, होळीला नारल देतान, उघाडीला कोन हात पन लावत नाय. उधाण असला तरी. पन अवकाळीनं माजं मीठ गेलेलं, आनी पुनवेचा असा पानी परत पंधरा दिवस नाय. सगली होळीभवती नाचत व्हती आनी मी चोरासारकी हतं आले." तिने पदराने डोळे टिपले. "सकाली गाळ बगला तवाच मना वाटला, होळीमातेचा कोप झाला. मंग कंच्या तोंडानं खरा दिवस सांगू? आनी तो बिचारा शरीफ माज्यापायी मरतंय, ता पन बगते मी."

मनस्वीने तिचा हात धरला. कोप वगैरे काही नाही, टँकर होता, एवढंच म्हणायला ती तोंड उघडणार होती. पण डोक्यात दुसरंच काहीतरी जुळायला लागलं होतं.

महिनोन्‌महिने खेपा गेटवर येत नव्हत्या. म्हणजे मैला महिनोन्‌महिने कुठेतरी जात होता. मग आजवर एकाही मिठागरात थेंब कसा आला नाही? कारण ओतणारा दिवस निवडून ओतत होता. भरती आखूड, पाणी उघाडीपर्यंत पोचत नाही, असे दिवस. आणि एकदाच उधाणाला ओतला, तो नेमका होळीच्या दिवशी, ओहोटी धरून, जेव्हा उघाड्या बंद असतात. मिठाला धक्का लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारा चोर होता हा! शरीफला तर उघाडी म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं.

"ठमाबाई," तिने विचारलं, "होळीला उघाडी बंद असते, हे कोणाकोणाला माहीत असतं?"

"आनी कोनाला? जो मिठागरात वाढला तेला."

बोलून झालं आणि ठमाबाई तशीच चुलीतल्या जाळाकडे बघत बसली. लाकूड पुढे सरकवायलाही विसरली.

५

शिवा मिठागराच्या दुसऱ्या टोकाला होता. सुटी संपली तरी टँकरवर गेला नव्हता. एकटाच फावड्याने गाळ ओढत होता, आणि मनस्वीला येताना पाहून त्याने फावडं टाकलं नाही की मान वर केली नाही.

"तुमाला समजला ना," तो म्हणाला.

"समजलं."

"आये घरी आसंल असा वाटला मना. होळीला कंदी कोन उघडत नाय, मॅडम. कंदीच नाय." त्याने फावडं जोरात ओढलं. "बाकीच्या टायमाला मी भांगाच्या दिवसांतच वतायचो, पानी चढत नाय तवा. होळीला गेटवर जाऊन परत याया रात झाली आसती. धक्का रस्त्यातच व्हता. म्हटलं व्हटी हाय, उघाड्या बंद हायेत, जाईल समुद्राला."

"शरीफभाईंना माहीत होतं?"

"नाय. धनेशशेठनं दर पाडलं, मंग शरीफभाईनं पन पाडलं, आनी म्हणाला, गेटचा खर्च तू तुज्या खेपेतना भर. ता आठशे भरला तर माज्या हातात काय उरतंय? धनेशशेठचं ड्रायव्हर तर गेटचा रस्ता पन इसरलं." त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. "मी मैला वाहतो, मॅडम. लोकं मना ग्लासातना पानी देत नायत. तेच्यावर अजून तुमालाच पैसं देऊ व्हय, तो तुमच्या गेटवर आनून टाकायचं?"

प्रामाणिकपणे गेटवर येणाऱ्याला दंड आणि खाडीत ओतणाऱ्याला फुकट, असा दर मनस्वीने स्वतः लावला होता, टाळ्याही घेतल्या होत्या. खेपा घटल्या तेव्हाच तिला कळायला हवं होतं. खरं तर कळलं होतं. तिने तिकडे पाठ फिरवली होती, कारण शाल अजून कपाटात नवी होती.

"आयेला सांगू नका," शिवा म्हणाला. "मना पोलिसात द्या, काय पन करा. तिला सांगू नका."

सांगितलं नाही, तर उद्या सभेत शरीफचा परवाना जाणार. सांगितलं, तर ह्या बाईचं मीठही गेलं आणि मुलगाही. आणि दोन्हींत मनस्वीचे आठशे रुपये सुखरूप राहणार! गप्प बसणं किती सोपं होतं. ती रात्र तिने तळमळत काढली.

६

सभेला संस्थेचे लोक, टँकरवाले आणि गावातले दहा-बारा जण. शरीफ मागच्या भिंतीला टेकून उभा होता, टोपी हातात. धनेश पहिल्या रांगेत.

"मॅडम, वेगळं काही आहे का?" अध्यक्षांनी घड्याळ बघत विचारलं.

मनस्वी उठली. "आहे," ती म्हणाली, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला.

"आधी मना बोलू द्या."

ठमाबाई होती. पायाला मिठागराचा चिखल तसाच. शिवा तिच्या मागे, मान खाली घालून.

"मी खोटा दिवस सांगितला," ठमाबाई म्हणाली. "मी होळीला उघाडी उघडली. होय, होळीला! ज्याला थुकायचं तेनं थुका. शरीफ तवा रोह्यात व्हता. टँकरवर माजा पोर व्हता."

ती मनस्वीकडे वळली. "तू मना इचारलंस ना, कोनाला म्हाईत आसतं म्हनून. तवाच मना समजला. रातभर बसले. म्हटलं, एक डाव लपवला तवा ह्या शरीफचं घर बुडाया निगाला. आता परत लपवू व्हय?"

शरीफने टोपी डोळ्यांना लावली. शिवा पुढे आला, "व्हय, मीच वतला," एवढंच म्हणाला, आणि धनेशने मोठ्याने टेबलावर हात आपटला. "बघा! मग परवाना रद्दच करा ना, ड्रायव्हर त्याचाच!"

"थांबा, धनेशभाऊ," मनस्वी म्हणाली. "तुमचे टँकर गेटवर शेवटचे कधी आले, ते प्रवीणला इथेच विचारू का?"

धनेश एकाएकी खिशातला फोन शोधायला लागला.

मग मनस्वी बोलली. गेटचा दर तिने लावला, खेपा घटताना तिने पाहिल्या, आणि ती गप्प बसली. प्लँटचा खर्च सगळ्या गावाचा आहे, कारण टाकी सगळ्यांच्या घरात आहे. तो तिने सगळ्यात गरीब माणसाच्या अंगावर ढकलला, टँकरच्या ड्रायव्हरवर. "खर्च घरपट्टीत थोडाथोडा वाटा," ती म्हणाली. "कोणाला जाणवणारही नाही. आणि गेटवर ओतणाऱ्याकडून पैसे घेऊ नका, ओतल्यावर त्याला द्या. मग कोणी खाडीकडे बघणार नाही. ह्या मिठाची भरपाई संस्थेने द्यायची, आणि मला कामावरून काढायचं."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काढणं सोपं आहे हो. मग हे नवं गणित मांडायचं कोणी? बसा खाली, आणि मांडा."

परवाना राहिला. शिवाने पावसाळ्यापर्यंत टँकरवर बसायचं नाही, मिठागर साफ करून द्यायचं, असं ठरलं. गेटचा दर एका महिन्याच्या आत बदलायचं कबूल झालं. भरपाईबद्दल मात्र अध्यक्ष "बघू" म्हणाले, आणि त्यांचं बघू मनस्वीला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती मिठागरावर गेली. कशाला गेली, तिलाच नीट सांगता आलं नसतं. शिवा कोंडीत गाळ ओढत होता. त्याच्या शेजारी शरीफ, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, उपाशीपोटी घमेली उचलत होता. "खर्च तू भर, असं मीच बोललो होतो ना त्याला," तो मनस्वीला म्हणाला आणि पुढे गेला.

ठमाबाई बांधावर उभी होती. मनस्वी तिच्याजवळ जाऊन थांबली. माफी कशी मागावी, वाटेत जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

"ठमाबाई, मी..."

"ता सभेत झाला," ठमाबाई म्हणाली. बांधाला टेकवलेलं जास्तीचं फावडं तिने उचललं आणि मनस्वीच्या हातात दिलं. "दर तू लावलास ना? मंग उतर खाली. त्या कोपऱ्यातला आजून तसाच हाय."

मनस्वीने चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि कोंडीत उतरली. गाळ घोट्यापर्यंत आला. वास भयंकर होता. तिने फावडं गाळात रोवलं आणि ओढायला लागली.